गळ्यातलं बटण दाबलं, पुढे काय? घरातल्या ज्येष्ठांसाठी आपत्कालीन गजर बसवताना

आपत्कालीन बटण घ्यायचं ठरलं की बहुतेक जण आधी यंत्रांची तुलना करत बसतात. कुणाची रेंज जास्त, कुणाची बॅटरी जास्त टिकते. हा क्रम उलटा आहे. बटण दाबल्यावर कुणाचा तरी फोन वाजायला हवा, त्या माणसानं तो उचलायला हवा, निघून दारापाशी यायला हवं, दार उघडायला हवं आणि पडलेल्या माणसापर्यंत पोचायला हवं. यातली एक कडी निखळली तरी बाकीचं सगळं वाया. यंत्र स्वतः क्वचित दगा देतं. फोन सायलेंटवर असतो, दाराला आतून कडी असते, नाहीतर बटण खुंटीला टांगलेलं असतं. म्हणून इथे आधी माणसं, मग दार आणि त्यानंतर यंत्र असा क्रम घेतला आहे.

एवढा आटापिटा कशासाठी, तर पडल्यावर मोडलेल्या हाडाइतकाच धोका तासन्‌तास जमिनीवर पडून राहण्यात असतो. एकाच बाजूवर भार राहून कातडीला जखमा होतात. दबलेल्या स्नायूंमधली द्रव्यं रक्तात उतरून मूत्रपिंडांवर ताण येतो. अंगातलं पाणी कमी होतं, फरशीच्या गारव्यानं शरीर थंड पडतं. ब्रिटनमध्ये नव्वदीच्या पुढच्या लोकांचा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पडलेल्यांपैकी ३० टक्के लोक निदान एकदा तरी तासभर किंवा जास्त वेळ जमिनीवर पडून होते. गजराची सोय अनेकांकडे होती, पण जे असे बराच वेळ पडून राहिले त्यांच्यातल्या बहुतेकांनी ती वापरलीच नाही. यंत्र घरात असणं आणि कामाला येणं यात एवढं अंतर आहे.

१. कोण येणार, ते आधी ठरवा

यादीत तीन ते चार माणसं हवीत. एकाच माणसावर विसंबलात तर तो आजारी असेल किंवा गावाला गेला असेल त्या दिवशी यादी रिकामी. क्रम नात्यावरून लावू नका, अंतरावरून लावा. दुसऱ्या शहरातला मुलगा पहिल्या क्रमांकावर आणि पलीकडच्या दारातले शेजारी चौथ्या, असं पुष्कळ घरांत असतं. मग मुलानं फोन उचलायचा आणि त्यानंच शेजाऱ्यांना फोन करायचा. पहिले दोघं दहा मिनिटांत दारात येऊ शकतील असे असावेत. लांबच्या मुलाला कळवायचं असेल तर त्याचा नंबर शेवटी टाका, किंवा यंत्रात सोय असेल तर त्याला फक्त मेसेज जाऊ द्या.

प्रत्येकाला तोंडी विचारा: रात्री दोन वाजता फोन आला तर याल का? संकोचानं ‘हो’ म्हणणारा माणूस यादीत नसलेला बरा.

यादीतल्या कुणालाच पडलेल्या माणसाला एकट्यानं उचलता येणार नसेल तर तेही आत्ताच मान्य करा. त्यांचं काम दार उघडायचं, धीर द्यायचा आणि ॲम्ब्युलन्स बोलवायची, एवढंच. तसंही आल्याबरोबर हात धरून ओढून बसवणं चुकीचंच. एक पाय आखूड दिसतोय आणि बाहेरच्या बाजूला वळलाय, तर खुब्याचं हाड मोडल्याचा संशय घ्यायचा आणि हलवायचं नाही. डोकं आपटलंय आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, तर माणूस कितीही ठणठणीत बोलत असला तरी त्याला दवाखान्यात न्यायचं. ही दोन वाक्यं यादीतल्या प्रत्येकाला ठाऊक हवीत.

नातेवाइकांऐवजी चोवीस तास चालणाऱ्या मदत केंद्राची सेवा घेतलीत तरी ही यादी लागतेच. केंद्रातला माणूस फोनवर बोलतो आणि तुमच्या यादीतल्यांना किंवा ॲम्ब्युलन्सला कळवतो. दारात तुमचीच माणसं येतात.

२. दार बाहेरून उघडतं का?

किल्ली यादीतल्या पहिल्या दोघांकडे द्या, किंवा आकड्यांच्या कुलपाची छोटी लोखंडी पेटी दाराजवळच्या भिंतीत पक्की बसवून तीत ठेवा. पेटीचा आकडा जन्मसाल किंवा घर क्रमांक नको. वापर झाला की आकडा बदला.

पण नुसत्या किल्लीनं काम भागत नाही. खरी अडचण असते आतल्या कडीची. रात्री वरची कडी, खालची कडी, वर साखळी, एवढं लावून झोपायची सवय असेल तर बाहेर किल्ली घेऊन उभा असलेला माणूस बाहेरच राहतो. ‘कडी लावू नका’ असं सांगून ही सवय मोडत नाही, कारण कडीवाचून झोपच लागत नाही. त्यापेक्षा आतून नुसत्या मुठीनं आणि बाहेरून किल्लीनं उघडणारं दणकट लॅच बसवा आणि जुन्या कड्या काढूनच टाका. आतून किल्ली कुलपातच राहिली तर काही कुलपांत बाहेरून दुसरी किल्ली आत जात नाही. विकत घेताना हे दुकानातच लावून पाहा.

दुसरं दार बाथरूमचं. ते आत उघडत असेल आणि माणूस दारालगतच पडला असेल तर त्याच्याच अंगाचा अडसर होतो. सुताराकडून दार बाहेर उघडेल असं करून घ्या. ते शक्य नसेल तर उचलून बाहेर काढता येतील अशा बिजागऱ्या लावून घ्या. कडीच्या जागी बाहेरून नाण्यानं फिरवता येणारी खिट्टी बसवा. सगळ्या खटाटोपात सर्वांत कमी खर्चाचं आणि सर्वांत जास्त उपयोगाचं काम हेच, आणि नेमकं हेच राहून जातं.

३. यंत्राचा प्रकार निवडा

घरातलं यंत्र आणि अंगावरचं बटण अशी जोडी. बटण रेडिओनं यंत्राला इशारा देतं, यंत्र फोन लावतं आणि त्याच्या स्पीकरवरून बोलणं होतं. फारसं घराबाहेर न पडणाऱ्यांसाठी हे सर्वांत सोपं, कारण बटणाला चार्जिंग नसतं. आतली बॅटरी काही वर्षं टिकते. मोकळ्या मैदानात मोजलेली रेंज खोक्यावर छापलेली असते, ती घरात लागू पडत नाही. सिमेंटच्या भिंती, लोखंडी कपाटं आणि मोठे आरसे तिला खातात.

सिमकार्ड आणि जीपीएस असलेलं फिरतं बटण. फिरायला, बाजारात एकटे जाणाऱ्यांसाठी हे बरं. मात्र मॉडेल आणि वापर यांवर अवलंबून ते एक ते पाच दिवसांत चार्ज करावं लागतं. बंद इमारतीत जीपीएसचा ठिकाणा चुकू शकतो, तेव्हा घराचा पत्ता सेवेकडे वेगळा नोंदवलेला हवा.

घड्याळ. ॲपलच्या घड्याळात पडणं ओळखायची सोय २०१८ च्या सिरीज ४ पासून आहे. नोंदवलेलं वय ५५ किंवा त्याहून जास्त असेल तर ती आपोआप चालू होते, नाहीतर सेटिंगमधून चालू करावी लागते. पडल्यावर माणूस साधारण मिनिटभर हलला नाही तर घड्याळ स्वतःहून आपत्कालीन सेवेला फोन लावतं. त्रुटी चार्जिंगची. लोक घड्याळ रात्री चार्जिंगला लावतात आणि अंधारात बाथरूमला उठतात तेव्हा मनगट रिकामं असतं. घड्याळच घ्यायचं असेल तर चार्जिंगची वेळ दिवसा, घरात दुसरं कुणी असताना ठेवा.

बाथरूममधली ओढायची दोरी. ती फरशीपर्यंत पोचली तरच उपयोगाची. दोरीला दोन कड्या असाव्यात, एक फरशीपासून ८० ते १०० सेंटिमीटरवर आणि दुसरी १० सेंटिमीटरवर. दुसरी कडी पडलेल्या माणसासाठी असते. फरशी पुसताना आड येते म्हणून हीच दोरी कुणीतरी गुंडाळून नळाला बांधून ठेवतं. दर आठवड्याला नजर टाका.

‘पडल्यावर आपोआप फोन जातो’ या सोयीबद्दल दोन शब्द. असं बटण जोरात खाली येणं, आपटणं आणि मग शांत पडून राहणं या खुणा एकत्र शोधतं. खुर्चीवरून हळूहळू घसरत किंवा भिंतीला टेकत खाली बसलेला माणूस त्याला पडलेला वाटत नाही. उलट सोफ्यावर धपकन बसलेला वाटू शकतो. बेशुद्ध पडण्याचा धोका असलेल्यांना ही सोय जरूर घ्या, पण ‘आता बटण दाबायची गरज नाही’ असं कुणालाही सांगू नका.

विसरभोळेपणा वाढलेल्या माणसाला बटण कशासाठी आहे हेच आठवत नाही. तिथे बटणाचा आग्रह सोडा. दाराचे, पलंगाचे, हालचाल टिपणारे सेन्सर लावा. ‘सकाळी नऊपर्यंत स्वयंपाकघरात हालचाल नाही’ एवढी सूचना मिळाली तरी पुष्कळ झालं.

४. गळ्यात की मनगटावर?

हे ज्यांना घालायचं आहे त्यांनीच ठरवावं. तरी काही गोष्टी पाहून घ्या.

अर्धांगवायूनं एक हात दुबळा झाला असेल तर बटण दुबळ्या हाताच्या मनगटावर बांधायचं. दाबायला चांगला हात मोकळा राहायला हवा. सहज म्हणून चांगल्या हातावर बांधलं जातं आणि मग ते दाबायला हातच उरत नाही.

बोटांना संधिवात असेल तर खरेदीआधी बटण त्यांनाच दाबायला द्या. अंगठ्यानं, मुठीनं, जमिनीवर घासून, कसंही दाबता आलं तरी चालेल.

गळ्यातली दोरी झटका बसला की सुटणारी हवी. साधी पक्की दोरी पलंगाच्या कठड्यात किंवा दाराच्या मुठीत अडकली तर गळफास बसू शकतो. सोबत आलेली दोरी काढून घरातली जाड दोरी किंवा सोन्याची साखळी ओवू नका.

पाण्याचं. बटणावर ‘आयपी ६७’ असा दर्जा लिहिलेला असेल तर ते एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल अशी चाचणी झालेलं. ही चाचणी साध्या पाण्यातली असते, कढत पाणी आणि साबण तीत धरलेले नाहीत. तरीही बटण आंघोळीला अंगावरच राहू द्या. ओली फरशी तिथेच आहे. खराब झालं तर बदलता येतं.

पेसमेकर असेल तर लोहचुंबकानं चिकटणारे चार्जर आणि पट्ट्यांचे चुंबकी हुक छातीपासून किमान १५ सेंटिमीटर लांब ठेवा आणि बटण मनगटावर घ्या.

५. जमवायची कागदपत्रं आणि सामान

सेवा किंवा सिम ज्याच्या नावावर घ्यायचं त्याचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा. यादीतल्यांचे नंबर, परदेशातले असतील तर देशाच्या कोडसह. चालू औषधांची यादी डोससहित, त्यात रक्त पातळ करणारी गोळी आणि इन्सुलिन ठळक. ॲलर्जी, ऐकू कमी येणं, पेसमेकर किंवा बसवलेला कृत्रिम सांधा यांची नोंद. नेहमीच्या डॉक्टरांचं नाव आणि नंबर. घरापर्यंत यायची खूण दोन ओळींत: कुठल्या फाटकानं, कितवा मजला, कुत्रा आहे का. सामानात जादा बॅटरी, चिकटपट्टी, न पुसणारा पेन.

औषधांचा कागद फ्रिजच्या दारावर लावा. कपाटातल्या फायलीत गेला की हाताला लागत नाही. वर तारीख टाका आणि गोळी बदलली की नवा लिहा.

मदत केंद्राच्या करारावर सही करण्याआधी विचारा: पलीकडचा माणूस आपल्या भाषेत बोलेल ना? बोलणं रेकॉर्ड होतं का? किमान किती महिन्यांचं बंधन आहे आणि मधेच सेवा बंद केली तर काय? बटण हरवलं तर? बॅटरी कोण बदलणार? आणि उत्तर आलं नाही तर केंद्र काय करतं? शेवटच्या प्रश्नाला गोलगोल उत्तर मिळालं तर दुसरीकडे चौकशी करा.

६. लाइन आणि सिम

लँडलाइनवर चालणारं यंत्र असेल तर लाइन आधी यंत्रात आणि मग टेलिफोनला, अशी जोडणी करा. तशी केली की दुसऱ्या खोलीतला रिसिव्हर नीट ठेवलेला नसला तरी यंत्र लाइन स्वतःकडे ओढून घेतं. लाइन फायबरच्या मोडेमवरून येत असेल तर वीज गेल्यावर मोडेमही बंद पडतो. त्यालाही बॅटरी हवी.

सिमचं यंत्र घेताना ते फक्त २जी किंवा ३जीवर चालणारं नको. ही जुनी नेटवर्कं अनेक देशांत बंद झाली आहेत किंवा होत आहेत. ४जीवर बोलणं होतं ना, हे स्पष्ट विचारा. यंत्र फक्त डेटा ४जीवर आणि कॉल जुन्या नेटवर्कवर करणारं असू शकतं. सिम यंत्रात टाकण्याआधी साध्या फोनमध्ये घालून त्याचा पिन काढून टाका, नाहीतर बॅटरी संपून यंत्र पुन्हा सुरू झालं की ते पिन मागत गप्प बसतं. कॉल फॉरवर्डिंग बंद करा.

प्रीपेड सिमची मुदत संपणं हे गजर मुका होण्याचं नेहमीचं कारण आहे. यंत्रातल्या सिमला आलेला ‘रिचार्ज संपतोय’ हा मेसेज कुणी वाचतच नाही. मुदतीची तारीख दोन माणसांच्या मोबाइलमध्ये रिमाइंडर म्हणून टाका.

बरीच यंत्रं आलेला फोन आपोआप उचलतात, म्हणजे पडलेल्या माणसाशी लगेच बोलता यावं. पण कुणाही अनोळखी माणसानं तो नंबर लावला तरी घरातलं बोलणं ऐकू जाईल. यादीतल्या नंबरांचेच फोन घ्यावेत, असं सेटिंग पहिल्याच दिवशी करा.

७. यंत्र कुठे ठेवायचं

झोपायच्या खोलीतून आणि बाथरूमच्या दारातून बोललेलं ऐकू जाईल अशी मधली जागा निवडा. टीव्हीशेजारी नको, टीव्हीच्या आवाजात पलीकडच्याला काही कळत नाही. लोखंडी कपाटावर नको, राउटरला चिकटून नको. ज्या स्विचवर यंत्र आहे त्याच्या बटणावर चिकटपट्टी लावून ‘बंद करू नये’ लिहा. झाडलोट करताना खटकन बंद होतं, बॅटरीवर यंत्र एक-दोन दिवस तगतं आणि तिसऱ्या दिवशी मरतं. म्हणूनच कारण कुणाच्या ध्यानात येत नाही.

८. यादीतल्यांचे फोन तयार करा

हा टप्पा वगळू नका. यंत्राचा नंबर प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये नावानं साठवलेला हवा, नाहीतर तो जाहिरातीचा फोन समजून कापला जातो. रात्री ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावणाऱ्यांनी आयफोनमध्ये त्या नावाला ‘इमर्जन्सी बायपास’ द्यावं आणि अँड्रॉइडमध्ये ते नाव स्टार करून स्टार केलेल्यांना परवानगी द्यावी.

सगळ्यांत फसवा असतो व्हॉइसमेल, म्हणजे फोन उचलला नाही की निरोप रेकॉर्ड करून घेणारी सोय. पहिल्या माणसाचा फोन बंद असेल आणि व्हॉइसमेलनं उत्तर दिलं, तर यंत्राला वाटतं फोन उचलला, आणि ते पुढचा नंबर लावतच नाही. यावर दोन उपाय. यादीतल्यांनी व्हॉइसमेल बंद करावा. आणि यंत्र असं घ्यावं की ज्यात उचलणाऱ्यानं ठरलेला आकडा दाबल्याशिवाय कॉल ‘मिळाला’ असं धरलं जात नाही. मग तो आकडा प्रत्येकाला पाठ हवा.

९. चाचणी, पण बसून नाही

सोफ्यावर बसून बटण दाबलं, फोन वाजला, झालं, ही चाचणी नव्हे. तुम्ही स्वतः बटण घेऊन प्रत्येक खोलीत जमिनीवर आडवे व्हा आणि दाबा. बाथरूमचं दार लावून, संडासात, पलंग आणि भिंतीच्या मधल्या फटीत, बाल्कनीत. शरीर आणि फरशी यांच्यामध्ये दाबलेल्या बटणाची रेंज उभ्या माणसाच्या गळ्यातल्या बटणापेक्षा कमी पडते. जिथे लागत नाही तिथे रेंज वाढवणारं जोडयंत्र किंवा भिंतीवर खाली दुसरं बटण लावा. जिथून आवाज पोचत नाही ती जागा यादीतल्यांना सांगून ठेवा: उत्तर आलं नाही तरी यायचंच.

मग यंत्राची वीज काढा, राउटर बंद करा आणि चार-पाच तासांनी पुन्हा दाबून पाहा. पहिला नंबर मुद्दाम बंद ठेवून दुसऱ्याला फोन जातो का तेही पाहा. मदत केंद्र असेल तर आधी कळवून चाचणी करा.

त्यानंतर महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, बटण ज्यांचं आहे त्यांनीच दाबायचं. यंत्र तपासलं जातंच, पण त्याहून मोठा फायदा म्हणजे हाताला सवय होते. पहिल्यांदाच दाबायची वेळ पडल्यावर आली तर संकोच आडवा येतो.

१०. चुकून दाबलं गेलं तर

पहिल्या महिन्यात हे होणारच. कुशीवर वळताना, भांडी घासताना, नातवंडांच्या हातून. अशा वेळी फोन उचलणाऱ्याच्या तोंडून ‘पुन्हा चुकून दाबलं का?’ असं एकदा जरी वैतागून निघालं तरी माणूस बटण काढून ठेवतो आणि नंतर खरोखर गरज असतानाही दाबत नाही. चुकून दाबलं गेलं की ‘बरं झालं, चालू आहे कळलं’ एवढंच म्हणायचं, हे यादीतल्यांना बजावून ठेवा. आठवड्यात तीन-चारदा होत असेल तर मनगटावरचं गळ्यात आणा किंवा बटण खोलगट असलेलं मॉडेल मागा.

बटण पलंगाच्या कडेला टांगलेलं दिसू लागलं तर रागावण्याआधी कारण विचारा. पट्ट्यानं खाज सुटते, दोरी मानेला टोचते, पाहुण्यांसमोर लाज वाटते, यातलं काहीतरी निघतं. पट्टा कापडी करता येतो, दोरी बदलता येते, बटण ब्लाउजच्या किंवा सदऱ्याच्या आत घालता येतं.

बॅटरी बदलली की यंत्राच्या आणि बटणाच्या मागे न पुसणाऱ्या पेननं तारीख लिहा. काही बटणं कंपनीकडूनच उघडावी लागतात. ती घरी उघडली तर रबरी गोल नीट बसत नाही आणि पुढच्या आंघोळीत पाणी आत जातं.